क्रूझवरचा पहिला दिवस: खान्देशातून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

आमच्या अमळनेरला पाणी म्हटलं की बोरी नदी, आणि होळीनंतर तिच्यातही पाण्यापेक्षा वाळूच जास्त. त्यामुळे घरातली अकरा माणसं घेऊन जहाजावर जायचं ठरलं तेव्हा सल्ला द्यायला गल्लीत कोणीच नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. पहिल्या दिवशी आम्ही इतके धावलो, इतकं खाल्लं आणि इतका गोंधळ घातला, की संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा चार जण कॅबिनमध्ये घोरत होते, दोघं बॅगांची वाट बघत दाराशी बसले होते आणि एक जण कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मुंबई दिवे लावून मागे सरकत होती, ती बघायला डेकवर आम्ही चारच.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पहिला दिवस नीट बसवला. तोच इथे लिहितोय. हे मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा देशातल्या देशात फिरणाऱ्या क्रूझसाठी आहे. सिंगापूर-दुबईची सहल असेल तर पासपोर्ट-व्हिसाचं जास्तीचं काम, बाकी जहाजावरचा दिवस थोडाफार असाच.

आधीच सांगून ठेवतो: पहिल्या दिवशी कामं चारच. जहाज पायी फिरून ओळखणं, जहाजावरच्या खर्चाच्या खात्याचं आणि जेवणाच्या वेळेचं नक्की करणं, सुरक्षेचा सराव, आणि जहाज सुटताना डेकवर हजर असणं. बाकी सगळं उद्यावर टाकलं तरी चालतं.

घरून निघण्याआधी

बुकिंग करताना घाटाखालच्या समुद्राचा विचार करा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रूझ तेव्हा बहुतेक बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत. कपाशी घरात येऊन पडलेली असते, लग्नसराई अजून अंगावर आलेली नसते, म्हणून आपल्याकडच्यांना जानेवारी सगळ्यात सोयीचा.

कॅबिन चार प्रकारच्या: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि मोठी स्वीट. पैसे वाचवायचे तर आतली घ्या, वाईट काही नाही. फक्त दिवा घालवला की दुपारी तीन वाजतासुद्धा अमावस्या. माणूस गुदमरणारा असेल तर खिडकी घ्या. पण प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची कॅबिन सगळ्यात कमी हलते. बैलगाडीत आसाजवळ बसलेल्याला आणि शेवटी पाय सोडून बसलेल्याला सारखे दणके बसतात का? तोच हिशोब. नकाशा बघून एक गोष्ट आणखी तपासा: वर-खाली दोन्हीकडे दुसऱ्या कॅबिनच असाव्यात. डोक्यावर स्विमिंग पूल किंवा नाचाचा हॉल आला तर पहाटे दोनपर्यंत खुर्च्या सरकवल्याचा आवाज ऐकत पडावं लागतं.

वेब चेक-इन, म्हणजे घरूनच ऑनलाइन करायची नोंदणी, चुकवू नका. त्यात प्रत्येकाचं नाव आधार किंवा दुसऱ्या सरकारी ओळखपत्रावर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे एकाच बाईचं नाव आधारवर एक, मतदान कार्डावर दुसरं आणि सासरचं तिसरं असतं. ते घरीच निस्तरा, टर्मिनलवर नाही. चेक-इन झालं की बोर्डिंग पास आणि सामानाला लावायच्या चिठ्ठ्या मिळतात. त्या छापून घ्या आणि स्टेपलरने पक्क्या ठोका.

घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर बुकिंगआधीच नियम विचारा. साधारण सहा महिन्यांखालचं बाळ आणि चोवीस आठवड्यांपुढची गरोदर बाई बहुतेक कंपन्या घेत नाहीत. व्हीलचेअर लागणार असेल तर तीही आधीच मागा, ऐनवेळी मिळेलच असं नाही.

दोन बॅगा, आणि त्यातली लहान जास्त महत्त्वाची

मोठी बॅग टर्मिनलच्या दाराशी तुमच्या हातातून जाते ती थेट कॅबिनच्या दारात भेटते, आणि मधे चार-सहा तास सहज जातात. दोन हजार माणसांचं सामान मोजकी माणसं मजल्या-मजल्यावर पोचवत असतात, तेवढा वेळ लागणारच. हे माहीत नसल्यामुळे जिजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या. बॅग आली संध्याकाळी सहाला. तोपर्यंत जहाजाच्या दवाखान्यात जाऊन बसलो, आणि तिथलं बिल वेगळं लागतं हेही त्याच दिवशी कळलं.

म्हणून खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचं ते असं: सगळी औषधं, ओळखपत्रं, चार्जर, चष्मा, दागिने, एक कपड्यांचा जोड, शाल किंवा स्वेटर, आणि पोहण्याचे कपडे. शालीला हसू नका. बेचाळीस-चव्वेचाळीस अंशात वाढलेली आपली हाडं, आणि जहाजात दिवसरात्र एसी. पहिल्याच जेवणाला आबा टेबलाच्या कापडाकडे आशेने बघत होते, अंगावर ओढून घेता येईल का म्हणून.

पोहण्याचे कपडे हाताशी का? कारण पहिल्या दुपारी सगळं जहाज जेवायला धावतं आणि पूल रिकामा असतो. पोरांना तो तास पुन्हा मिळत नाही. नायलॉनचेच कपडे लागतात, सुती बनियन-चड्डीला किंवा साडीला पाण्यात सोडत नाहीत.

काय नेऊ नये याची यादी कंपनी देते, पण ती आपल्या घराच्या भाषेत नसते. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, विजेची किटली: नाही. उदबत्ती, निरांजन, कापूर, मेणबत्ती: नाही, समुद्रावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. अडकित्ता, चाकू, सुरी: नाही. दारू: नाही. घरचं शिजवलेलं अन्न: जवळजवळ कुठेच नाही. आम्ही कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि भरिताचा मोठा डबा घेऊन गेलो होतो. तपासणीत कळलं की डबा आत जाणार नाही. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून अकरा जणांनी टर्मिनलबाहेर कट्ट्यावर बसून तो तिथेच संपवला. खोटं कशाला बोलू, अख्ख्या सहलीतलं सगळ्यात चवदार जेवण तेच. पाकीटबंद कोरडा खाऊ काही ठिकाणी चालतो, तेवढं विचारून घ्या.

नेण्यासारख्या छोट्या वस्तू मात्र आहेत. चुंबकाचे हुक चार: कॅबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, त्यावर ते घट्ट बसतात आणि पिशव्या, टॉवेल, टोप्या टांगता येतात. वेगवेगळ्या पिना बसणारा अॅडॅप्टर, कारण सॉकेट एक-दोनच आणि कधी परदेशी पद्धतीचे. घडीचा प्लास्टिकचा मग, कारण प्रत्येक जहाजाच्या संडासात जेट असेलच असं नाही. या शेवटच्या वस्तूवर कोणी बोलत नाही, पण तिची आठवण सगळ्यांना होते.

मुंबईला केव्हा पोचायचं

बोर्डिंग साधारण दुपारी असतं आणि तुम्हाला दिलेली वेळ संपली की दार बंद. जहाज कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे त्याच दिवशी सकाळी निघून दुपारी पोचणारी गाडी धरू नका. जळगाव-भुसावळहून रात्री बसून पहाटे-सकाळी मुंबईला उतरवणारी विदर्भ एक्स्प्रेस, अमरावती एक्स्प्रेस किंवा पंजाब मेल सोयीची. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांना सुरतमार्गे जाणारी खान्देश एक्स्प्रेस आहे, पण ती रोज नसते, वार बघून घ्या. धुळ्याकडून रात्रीच्या लक्झरी भरपूर, फक्त कसारा घाटात किंवा भिवंडीच्या अलीकडे अडकली तर हातात तीन-चार तासांची फट हवी. माझं विचाराल तर म्हातारी माणसं बरोबर असतील तेव्हा आदल्या दिवशीच जाऊन एक रात्र मुंबईत काढावी. जागरण करून चढलेला माणूस जहाज सुटताना झोपतो. आमचे चार झोपले ते यामुळेच.

सीएसएमटीवर उतरलात तर बंदर दोनेक किलोमीटरवर आहे. टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ टर्मिनल, बॅलार्ड पिअर’ सांगा आणि बोर्डिंग पासवर लिहिलेलं गेट दाखवा, कारण बंदराची गेटं बरीच आहेत. गंमत म्हणजे बॅलार्ड पिअरशी आपली ओळख जुनी. आपल्या भुसावळ-जळगाववरून जाणारी पंजाब मेल १९१२ साली सुरू झाली ती याच धक्क्यावरून. विलायतेहून बोटीने उतरलेले साहेब इथेच गाडीत बसायचे आणि पेशावरकडे जायचे. म्हणजे ही गाडी शंभर वर्षांपूर्वी बोटीची माणसं खान्देशातून न्यायची. आता खान्देशातली माणसं बोटीकडे आणते.

टर्मिनलवर

मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २० सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत. विमानतळ पाहिलेला असेल तर काही नवीन नाही: सामान द्या, अंगाची-पिशवीची तपासणी, ओळखपत्र, फोटो. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना रांगेत मध्ये घ्या, पुढे-मागे जाणता माणूस ठेवा.

काउंटरवर प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. हे कार्ड म्हणजे कॅबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट, तिन्ही. त्यावर कॅबिन नंबर आणि सरावाच्या जागेचं अक्षर किंवा नंबर असतो. जहाजातून उतरताना-चढताना ते स्कॅन होतं, म्हणजे कोण आत आहे, कोण बाहेर, हे त्यांना कळतं. भोक पाडून गळ्यात अडकवायची दोरी मिळते, ती म्हाताऱ्यांना आणि पोरांना तिथल्या तिथे घाला. आबांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं, आणि सदरा धुवायला टाकला.

चढल्यावरचे पहिले दोन तास

इथे सगळे एक चूक करतात: पिशवी घेऊन सरळ बुफेकडे. दुपारी एक ते अडीच बुफेत एखाद्या मोठ्या लग्नाची पंगत बसलेली असते, ताट हातात घेऊन जागा शोधत फिरावं लागतं. आधी विचारा की दुसरं कोणतं जेवणघर उघडं आहे. बहुतेक वेळा खालच्या मजल्यावर बसून वाढणारं एक असतं आणि अर्धं रिकामं असतं. किंवा बुफेला अडीचनंतर जा.

तोपर्यंत जहाज पायी फिरा. सगळ्यात वरच्या डेकवरून सुरुवात करून जिन्याने खाली उतरत या. लिफ्ट नको, लिफ्टने माणसाला जहाज कळत नाही. जहाजाचं पुढचं टोक म्हणजे नाळ. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू ‘पोर्ट’ आणि उजवी ‘स्टारबोर्ड’. रात्री डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. लांबच लांब सारख्या दिसणाऱ्या कॉरिडॉरमध्ये पहिल्या दिवशी प्रत्येक जण चुकतो. आपण नाळेकडे चाललोय की मागे, एवढं कळलं की निम्मं काम झालं. प्रत्येक जिन्यापाशी नकाशा असतो, त्यावर ‘तुम्ही इथे आहात’ची खूण. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

फिरतानाच एक भेटायची जागा ठरवा. जहाजावर आपले फोन एकमेकांना लागतीलच असं नाही, आणि अकरा माणसं अकरा मजल्यांवर पांगली की शोधणं म्हणजे सारंगखेड्याच्या यात्रेत हरवलेला पोरगा शोधणं. आम्ही दुसऱ्या खेपेला ‘दर दोन तासांनी पाचव्या डेकच्या मधल्या जिन्यापाशी’ असं ठरवलं आणि कागदावर लिहून प्रत्येकाच्या कार्डामागे ठेवलं. लाखमोलाचा कागद.

याच फेरीत दोन-तीन कामं उरकतात. रिसेप्शनवर खात्याला क्रेडिट कार्ड जोडा किंवा रोख अनामत भरा. जहाजावर रोकड चालत नाही, सगळा खर्च त्या कार्डावर चढतो. रात्रीचं जेवण दोन पंगतींत असेल तर पहिली पंगत मागा. आपली सवय आठ-साडेआठची, दुसरी पंगत उशिरा बसते आणि पोरं टेबलावर डुलक्या घेतात. कार्यक्रमाच्या जागा राखून ठेवायच्या असतील तर त्याही आत्ताच. मुलांच्या खोलीत नावनोंदणी करा. स्पावाले, फोटोवाले, पेयांची पॅकेजं विकणारे पहिल्याच दिवशी गाठतात. ‘उद्या सांगतो’ म्हणा, नम्रपणे. भाव काही पळून जात नाही.

काय फुकट आणि काय विकत, हे सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. मुख्य जेवणघरं, बुफे, पूल, बहुतेक कार्यक्रम तिकिटात. थंड पेयं, दारू, खास रेस्टॉरंट, स्पा, इंटरनेट, बंदरावर उतरून फिरायच्या सहली, कॅबिनच्या छोट्या फ्रीजमधल्या बाटल्या: वेगळे पैसे. ‘टेबलावर ठेवलंय म्हणजे आपलंच’ असं धरून आमच्या मेहुण्यांनी फ्रीज रिकामा केला होता. दुकानं आणि कॅसिनो जहाज धक्क्याला असताना बंद असतात, ते सुटल्यावर उघडतात.

कॅबिनमध्ये

कॅबिन लहानच असते. रागावू नका, झोपायलाच तर यायचं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात. वरची बर्थ भिंतीतून उघडते, ती तरुणांना द्या. दाराजवळ कार्ड खोचायची खाच असेल तर त्याशिवाय दिवे लागत नाहीत.

बाथरूमचा उंबरठा उंच असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. खान्देशात घराला उंबरठा असतोच, पण बाथरूमला असेल हे रात्री तीन वाजता लक्षात राहत नाही. पहिल्या रात्री तिथला दिवा चालू ठेवा. संडास हवेने ओढून घेणारा असतो, बटण दाबलं की बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. पोरांना आधी सांगून ठेवा. त्यात कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही. पॅड, डायपर, ओले रुमाल गेले की फक्त तुमची नाही, शेजारच्या कॅबिनचीही लाइन तुंबते.

बाल्कनी असेल तर तिथे ओले कपडे वाळत घालू नका. वारा गंजीफ्रॉक कोचीला आधी पोचवेल.

सराव: कंटाळा करायचा नाही

जहाज सुटायच्या आधी भोंगा होतो: सात लहान, एक लांब. सरावाला बोलावणं आलं. पूल बंद, बार बंद, सगळ्यांनी कार्डावर लिहिलेल्या जागी जायचं. काही नव्या जहाजांवर थोडा भाग मोबाइलवर व्हिडिओने होतो, पण आपल्या जागेवर जाऊन कार्ड स्कॅन करावंच लागतं.

आपल्याकडची माणसं याला शाळेतली कवायत समजतात. म्हणून थोडा इतिहास सांगतो. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडालं, पंजाब मेल सुरू होण्याच्या जेमतेम दीड महिना आधी. त्यात सगळ्या माणसांना पुरतील एवढ्या जीवरक्षक होड्याच नव्हत्या. त्यानंतर १९१४ मध्ये देशांनी मिळून समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला करार केला. आज जो लागू आहे तो १९७४ चा, सोलास नावाचा. त्यात बरीच वर्षं नियम असा होता की प्रवासी चढल्यापासून २४ तासांत सराव घ्यावा. मग १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं आणि आडवं झालं. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, तो दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: सराव जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या-सुटल्या लगेच.

तर सरावात बघायचं ते एवढंच. कॅबिनपासून आपल्या जागेपर्यंत जिन्याने जायचा रस्ता. खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरायची नसते. तो रस्ता एकदा पायाखालून घाला, डाव्या हाताला किती दारं लागतात ते मोजा. लाइफ जॅकेट कॅबिनमध्ये आहे की जमायच्या जागेवर, लहान मुलांच्या मापाचं आहे का. जॅकेटला शिट्टी आणि दिवा असतो. पट्टे जमिनीवर लोंबू देऊ नका, मागचा त्यावर पाय देऊन पडतो. घरातली माणसं दोन कॅबिनमध्ये असतील तर दोघांच्या कार्डांवर जागा एकच आहे का हेही तपासा, आणि वेगवेगळ्या असतील तर मुलं कोणाबरोबर जाणार ते त्याच वेळी ठरवा.

जिजी सरावाला जॅकेट घालून उभी राहिली आणि म्हणाली, “हाई घर हालस ना रे!” जहाज अजून धक्क्यालाच बांधलेलं होतं. पण तिचं चुकलं नव्हतं, भरतीच्या पाण्यावर ते खरंच थोडं हलत होतं. आम्हाला जाणवलं नव्हतं एवढंच.

सुटण्याची वेळ

सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी वरच्या डेकवर जा. हातात चहा घ्या आणि खाली बघा. धक्क्यावरचे जाड दोर एकेक करून सोडले जातात, टग बोटी जहाजाला ढकलत-ओढत फिरवतात. एवढं मोठं घर आवाज न करता कडेला सरकू लागतं आणि पोटात काहीतरी वेगळंच होतं.

एकदा जहाज खाडीतून दक्षिणेकडे निघालं की उजवी बाजू धरा. सगळं शहर तिकडे: नौदलाची गोदी, ताज, गेटवे, मग कुलाब्याची लांब जीभ, आणि शेवटी समुद्रात एकटा उभा असलेला प्राँग्सचा दीपस्तंभ. डावीकडे मागे घारापुरीचा डोंगर राहतो. सूर्यही उजवीकडेच मावळतो, कारण गोव्याकडे जाताना उजवा हात पश्चिमेला. परतताना हाच हिशोब उलटा, सूर्यास्त डावीकडे. जागा धरण्यासाठी एवढं पुरे.

थोड्या वेळाने एक छोटी बोट जहाजाच्या अंगाला चिकटून पळताना दिसेल. ती बंदराच्या पायलटला न्यायला आलेली असते. इथल्या खाडीतले खडक, गाळ, भरती-ओहोटी त्याला पाठ. बंदरातून बाहेर पडेपर्यंत कप्तानाला वाट तोच दाखवतो. मग हा माणूस चालत्या जहाजाच्या अंगावरून दोरीच्या शिडीने खाली उतरतो आणि बोटीत पाय टाकतो. डेकवरचे निम्मे लोक तेव्हा सेल्फी काढत असतात आणि त्यांना हे दिसतच नाही.

वेगाचं विचाराल तर असं जहाज १६ ते २० नॉटने जातं. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, तेव्हा हिशोब तासाला ३०-३७ किलोमीटरचा. आपली चोपड्याची एसटी याच्या पुढे निघेल.

आणि एक विनंती. तापीच्या पुलावरून जाताना नाणं टाकायची, निर्माल्य सोडायची आपल्याला सवय. जहाजावरून पाण्यात काहीही टाकायचं नाही, फूलसुद्धा नाही. प्लास्टिक समुद्रात टाकायला तर आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदी आहे, आणि कठड्यावरून फेकलेलं सिगारेटचं थोटूक वाऱ्याने खालच्या बाल्कनीत येऊन आग लागू शकते. जिजीने पदराच्या गाठीतून नाणं काढलं होतं. मी हात धरला. तिने विचारलं, “तापीनं पाणी बी आठेच येस का?” इथेच येतं की. मुलताईला निघालेली तापी, आपल्या बोरी-पांझरा-गिरणेचं पाणी पोटात घेऊन, ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ याच अरबी समुद्राला मिळते. मग तिने नाणं परत गाठीत बांधलं आणि कठड्याला हात जोडले.

मोबाइल: सगळ्यात महाग चूक

किनाऱ्याचं नेटवर्क गेलं की फोन स्वस्थ बसत नाही. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क तो आपोआप पकडतो, आणि त्याचे दर साध्या रोमिंगच्या कित्येक पट असतात. मेहुण्यांचा फोन खिशात होता, कोणाला लावलाही नव्हता. व्हॉट्सअॅपचे फोटो मागे आपोआप उतरत राहिले. घरी आल्यावर बिल बघून ते दोन दिवस जेवले नाहीत.

म्हणून गेटवे दिसेनासं व्हायच्या आत सगळ्यांचे फोन विमान मोडवर. नुसतं डेटा बंद करून भागत नाही. नंतर हवं तर फक्त वायफाय चालू करा आणि पॅकेज विकत घ्यायचं की नाही ते ठरवा. दोन-तीन दिवसांसाठी मी घेत नाही. घरी आधीच सांगून टाका की अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही, नाहीतर गावाकडे कोणीतरी रडायला लागतं.

जेवण आणि मळमळ, दोन्ही एकाच पोटाचे प्रश्न

भारतीय प्रवाशांच्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण नीट मिळतं, फक्त जैन किंवा उपवासाचं असेल तर बुकिंगच्या वेळी आणि पुन्हा पहिल्या दिवशी जेवणघराच्या मॅनेजरला सांगा. तिखट मात्र मिळणार नाही. शेवभाजीवर वाढलेल्या जिभेला ते सगळं आजाऱ्याचं जेवण वाटतं. वाढणाऱ्याला सरळ हिरवी मिरची, कांदा आणि लिंबू मागा, हसत आणून देतात. बुफेत शिरताना हात धुवाच. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरायला एकच न धुतलेला चमचा पुरतो.

पहिल्या रात्री ताट निम्मं भरा. समुद्र लागतो तो पोटामुळे नाही, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे: कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात भिंत जागच्या जागी आहे, आणि भांडण पोटात सुटतं. उपायही त्यातच आहे. उघड्या डेकवर मधोमध जाऊन क्षितिजाकडे बघत राहा, म्हणजे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. कॅबिनमध्ये मोबाइल बघत पडणं सगळ्यात वाईट. आल्याचा तुकडा, कोरडं बिस्कीट, थोडं थोडं पाणी. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घरूनच न्या, आणि ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते. उलटी झाल्यावर गोळीही बाहेर येते. ज्याला सप्तशृंगीच्या घाटात बस लागते, त्याने वाट बघू नये.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे थंडीच्या दिवसांत बहुतेकांना काहीच होत नाही. चालताना एक हात कठड्याला असू द्या, जिन्यावर तर नक्की.

पहिली रात्र

रात्रीचा कार्यक्रम बघा, पण शेवटपर्यंत बसलंच पाहिजे असं नाही. झोपायच्या आधी रिसेप्शनवर किंवा कॅबिनमधल्या टीव्हीवर खात्याचा हिशोब बघून घ्या, चुकीची नोंद असेल तर त्याच दिवशी दुरुस्त होते. दारावर दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येतो किंवा अॅपवर दिसतो. त्यातल्या दोनच गोष्टींवर खूण करा.

मध्यरात्री लाकूड कुरकुरल्यासारखा आवाज येईल. भिंतींचे जोड हालचालीबरोबर घासतात, बिघडलेलं काही नसतं. मागच्या बाजूला कॅबिन असेल तर इंजिनाची थरथर गादीतून जाणवते, आणि पहाटे बंदराजवळ जहाज वळवताना ती अचानक वाढते. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहिलेल्यांना याचा काहीच त्रास होत नाही असं माझं निरीक्षण आहे.

गजर साडेपाचचा लावा. शाल घ्या आणि डाव्या बाजूच्या डेकवर जा. त्या वेळी तिथे झाडणारी दोन माणसं आणि चहाचं यंत्र एवढंच असतं. कोकणच्या डोंगरांमागून उजाडतं, आणि पाण्यात मासेमारीच्या बोटींचे दिवे एकेक करून विझत जातात. आमची जिजी तिथे आमच्या आधी जाऊन बसलेली होती, पायाखाली चपला नीट लावून, अंगणात बसावं तशी.